देवनागरीची वही बाजूला ठेवा: मोठ्या वयात हिब्रू वाचायला शिकण्याचा क्रम

रविवारी सकाळी साडेदहाला बेळगावात, आमच्या टिळकवाडीतल्या घरी पाचसहा जण हिब्रू वाचायला जमतात. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यू; हिब्रू ही आमच्या प्रार्थनेची भाषा. निपाणीची एक भाची सोडली तर सगळे पन्नाशी ओलांडलेले. नवीन येणारा प्रत्येक जण पिशवीतून एक जुनी वही काढतो. शेमा (देव एक आहे अशी ग्वाही), किद्दुश (द्राक्षारसावरचा आशीर्वाद), जेवणानंतरची बेराखा (आभाराची प्रार्थना), सगळं आजोबांनी नाहीतर मामांनी देवनागरीत उतरवून ठेवलेलं. त्या वहीवर माझा राग नाही, तिच्यामुळेच घरात प्रार्थना टिकली. पण शिकणं अडतं ते तिथंच.

खानापूरचे काका पहिल्या दिवशी आले तेव्हा सिद्दूर (प्रार्थनेचं पुस्तक) उघडून घडाघडा शेमा म्हणून गेले. "वाचूलालो की, बाई," वर हसून म्हणाले. मी मधल्याच एका शब्दावर बोट ठेवून विचारलं, हा कुठला? काका गप्प. मग मनातल्या मनात पहिल्यापासून म्हणत म्हणत तिथवर आले आणि एक शब्द पुढे जाऊन थांबले. काका वाचत नव्हते, आठवत होते. नजर फक्त पानावर होती.

देवनागरी वहीतून हिब्रू वाचन का येत नाही, ते एकदा नीट बघा. वहीत 'ह' लिहिलाय. तो हिब्रू अक्षरांतला हे की हेत? 'त' आहे, तेत की ताव? 'क' काफचा की कोफचा, 'स' सामेखचा की सीनचा, 'अ' आलेफचा की आयिनचा? वहीवरून मूळ अक्षराकडे परत जायची वाटच नाही. त्यात आपल्या भागातली खास भर म्हणजे ज्यांची शाळा कन्नड माध्यमातली, ते देवनागरीतलं 'बारुख' वाचताना शेवटचा 'अ' पूर्ण उच्चारतात, कारण कन्नडात तसंच वाचायचं असतं. आजोबांनी लिहिलं बरोबर, नातू वाचतो भलतंच.

खालचा क्रम बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडीकडच्या बेने इस्राएल घरांतल्या मोठ्या माणसांसाठी आहे. आपल्याकडे सिनेगॉग (ज्यू प्रार्थनामंदिर) नाही, जवळचं पुण्यात, म्हणजे साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास. हज्जानच्या, म्हणजे प्रार्थना चालवणाऱ्याच्या, शेजारी बसून कानावर पडत पडत शिकायची सोय नाही, म्हणून क्रम पाळावाच लागतो. रोज २० मिनिटं दिली तर सहा ते आठ महिन्यांत स्वरखुणा (स्वर दाखवणारे ठिपके-रेघा) असलेला सिद्दूर स्वतःचा स्वतः वाचता येतो. आठवड्यातून एकदा दोन तास बसून ते होत नाही.

## १. आधी काय शिकायचं ते ठरवा, मग पुस्तक घ्या

प्रार्थनेचं वाचन आणि बोलायची हिब्रू या दोन वेगळ्या वाटा आहेत. इस्राएलमध्ये दिमोना, अश्दोदकडे नातेवाईक आहेत म्हणून पुष्कळ जण मोबाइलच्या ॲपवर बोलायची हिब्रू सुरू करतात. तिथं शब्द बहुतेक स्वरखुणांशिवाय लिहिलेले असतात, कारण इस्राएलमधलं रोजचं वर्तमानपत्रसुद्धा खुणांशिवायच छापतात. नातेवाइकांनी हातानं लिहिलेली चिठ्ठी आली तर ते वळणदार अक्षर आणखी निराळं. नवशिक्याला वाटतं, मला काहीच येत नाही. आधी छापील चौकोनी अक्षर आणि खुणा शिका. बोलायचं नंतर सोपं जातं. उलट्या क्रमानं गेलेले मी तरी फारसे टिकलेले पाहिले नाहीत.

सिद्दूर घेताना चार गोष्टी बघा. सगळीकडे स्वरखुणा हव्यात. पद्धत सेफार्दी (स्पेनकडच्या ज्यूंची परंपरा) हवी, कारण आपली प्रार्थना त्याच पद्धतीची; दुसऱ्या पद्धतीचा सिद्दूर असला तर पुण्याला गेल्यावर मजकूर जुळत नाही. टाइप मोठा हवा, चष्मा लावून ठिपका दिसत नसेल तर ते पुस्तक कितीही सुंदर असो, उपयोगाचं नाही. आणि गटात सगळ्यांकडे एकच छपाई हवी, म्हणजे "पान ४२" म्हटलं की सहाही जण एकाच ओळीवर असतात.

इशारा: शेमा काही पुस्तकांत तोरा (मोशेची पाच पुस्तकं) गाऊन वाचायच्या खुणांसकट छापलेला असतो. अक्षराच्या वर-खाली आकडे, कंस, काटे असं बरंच काही दिसतं. नवशिका त्यांनाच स्वर समजतो. पहिल्या वर्षी फक्त स्वरखुणा असलेली प्रत वापरा.

झेरॉक्स काढायची असेल तर माझ्या चुकीतून शिका. मी ३० पानांच्या सहा प्रती काढून स्पायरल लावायला दिल्या. दुकानदारानं सवयीनं डावीकडे स्पायरल लावला. हिब्रू उजवीकडून डावीकडे वाचतात, म्हणून पुस्तक उजवीकडून बांधलेलं असतं. आमची सहाही पुस्तकं शेवटच्या पानापासून सुरू झाली. शिवाय प्रत फिकट आल्यामुळे निम्मे ठिपके उडाले. त्यामुळे आधी एकच पान काढून ठिपके मोजा, आणि पहिल्या पानावर उजव्या कडेला पेन्सिलीनं "स्पायरल इथे" असं लिहा. बिघडलेल्या प्रती दुकानात सोडून येऊ नका. ज्या पानावर देवाचं नाव आहे ते रद्दीत जात नाही, कचऱ्यातही नाही. अशी पानं जपून ठेवून पुढे दफन करायची असतात. पुण्या-मुंबईला जाताना बरोबर न्या आणि सिनेगॉगमध्ये द्या.

उच्चार कुठला धरायचा, तेही आताच ठरवा. आपल्या घरांत 'एलियाहू हन्नाबी' (संदेष्टा एलिया) म्हणतात, इस्राएलहून आलेल्या रेकॉर्डिंगमध्ये 'हानावी' ऐकू येतं. दोन्हीकडे अक्षर तेच. बेतच्या पोटात ठिपका नसेल तर आजचा उच्चार 'व', आपला जुना 'ब'. आणि 'हन्नाबी'तला जोड 'न' ही चूक नाही. तिथल्या नूनमध्ये दुहेरी उच्चाराचा ठिपका खरोखरच आहे, तो आपल्या म्हाताऱ्यांनी जपला. मी वर्गात आजचा उच्चार शिकवते, कारण ऐकायला साधनं त्यातच मिळतात. मलिद्याच्या (एलियाहूला स्मरून ठेवलेल्या गोड पोह्यांच्या) ताटापुढे मात्र आम्ही 'हन्नाबी'च म्हणतो. तुम्ही काहीही निवडा, पण एका ओळीत एक आणि दुसऱ्या ओळीत दुसरं असं करू नका.

बाकी सामान साधं. गणिताची चौकटीची वही, पेन्सिल, खोडरबर. वही मागच्या बाजूनं उघडून पान एक टाका.

## २. अक्षरं: सारखी दिसणारी एकाच आठवड्यात नकोत

अक्षरं २२. त्यातल्या पाचांची शब्दाच्या शेवटी वेगळी रूपं होतात: काफ, मेम, नून, पे, त्सादी. कॅपिटल-स्मॉल असली भानगड नाही आणि जोडाक्षरंही नाहीत. मराठी आणि कन्नड या दोन लिप्या ज्यांनी लहानपणी पचवल्या, त्यांना २२ अक्षरांचं भय कशाला?

बहुतेक जण आलेफपासून तावपर्यंत ओळीनं घोकतात. मग ओळीतलं स्थान आठवतं, आकार आठवत नाही. त्याऐवजी आमचा क्रम असा आहे:

पहिला आठवडा: शीन, मेम, आयिन, लामेद.
दुसरा: आलेफ, बेत, हे, योद.
तिसरा: रेश, कोफ, तेत, नून.
चौथा: दालेत, वाव, ताव, पे.
पाचवा: गिमेल, सामेख, त्सादी, काफ.
सहावा: झायिन, हेत आणि पाच अंत्यरूपं.

यात जुळी भावंडं मुद्दाम दूर ठेवली आहेत. पहिल्या आठवड्यातल्या शीन, मेम, आयिन या तीन अक्षरांत 'शेमा' हा शब्द होतो, म्हणजे रविवारी माणूस काहीतरी घेऊन घरी जातो.

लिहिताना अक्षर वरच्या रेघेला टांगा. देवनागरी शिरोरेषेला लोंबते, तसंच हे. तोराची गुंडाळी लिहिणारा सोफेरही चर्मपत्रावर आधी रेघा कोरून घेतो आणि अक्षरं त्यांच्याखाली लोंबती ठेवतो. कन्नड लिहिणाऱ्या हाताला खालच्या रेघेवर अक्षर बसवायची सवय असते. ती इथं मोडावी लागते. रेघेच्या वर डोकं काढणारं अक्षर एकच, लामेद. खालच्या रेघेच्या खाली पाय सोडणारी पाच: कोफ आणि काफ, नून, पे, त्सादी यांची अंत्यरूपं. एवढं लक्षात ठेवलं तरी ओळीवर नुसती नजर फिरवून सहा आकार वेगळे काढता येतात.

सहा आठवडे झाले की जुळी शेजारी शेजारी लिहा आणि फरक बोटानं दाखवा:

बेत आणि काफ: बेतची खालची रेघ उजवीकडे टाचेसारखी बाहेर येते, काफ त्या कोपऱ्यात गोल वळतो.
दालेत आणि रेश: दालेतचा वरचा उजवा कोपरा टोकदार, रेशचा गोल.
हे, हेत, ताव: हेचा डावा पाय छतापासून सुटलेला, हेतचे दोन्ही पाय छताला चिकटलेले, तावच्या डाव्या पायाला बाहेर वळलेला पंजा.
सामेख आणि अंत्य मेम: सामेख गोल, अंत्य मेम चौकोनी खोलीसारखा.
गिमेल आणि नून: गिमेलच्या तळाशी फट असते, नूनचा तळ सलग.

दालेत-रेशकडे जरा जास्त थांबा. शेमाच्या पहिल्या ओळीतला शेवटचा शब्द 'एहाद', म्हणजे एक. त्यातला दालेत गोल वाचला तर 'अहेर' होतो, म्हणजे दुसरा, परका. देव एक आहे म्हणायच्या जागी देव दुसरा आहे असं होऊन बसतं. म्हणूनच तोराच्या गुंडाळीत त्या ओळीतला 'शेमा'चा आयिन आणि 'एहाद'चा दालेत मोठे लिहितात. आमच्या वर्गात 'अहेर' म्हटलं की कुणीतरी विचारतंच, पाकीट कुणाच्या लग्नाचं? चेष्टा झाली तरी कोपरा कायमचा लक्षात राहतो.

उच्चारात मराठी माणसाला एक जागा आयती मिळते. त्सादी म्हणजे 'चाक', 'चूल', 'चोर' यांतला आपला च. कन्नडात तो च नाही, म्हणून घरी कन्नड बोलणाऱ्यांचा तिथं 'चहा'तला च होतो. 'चूल' म्हणायला लावलं की सुधारतो. अवघड जातो तो हेत आणि ठिपका नसलेला काफ. तो आपला 'ख' नव्हे, घशातून घासत येणारा आवाज. खडेबाजारातला उर्दू बोलणारा दुकानदार 'खबर' म्हणतो तसा.

तपासणी: सिद्दूरचं कुठलंही पान उघडा. एका मिनिटात ३० अक्षरं नावानं सांगा, वाचायची नाहीत. दोनपेक्षा जास्त चुका झाल्या तर पुढची पायरी चढू नका.

## ३. स्वरखुणा: रिकाम्या अक्षरात 'अ' नसतो

मराठी वाचकाची सगळ्यात चिवट चूक इथं होते. आपल्या 'क'मध्ये 'अ' आधीच बसलेला असतो. हिब्रू अक्षरात काहीही बसलेलं नसतं. खूण असेल तरच स्वर.

सेफार्दी उच्चारात आवाज पाचच: आ, ए, इ, ओ, उ. ऱ्हस्व-दीर्घाची भीती नाही. अक्षराखाली आडवी रेघ (पाताह) किंवा टी आकाराची खूण (कामात्स), दोन्ही 'आ'. आडवे दोन ठिपके (त्सेरे) किंवा तीन ठिपक्यांचा त्रिकोण (सेगोल), दोन्ही 'ए'. खाली एक ठिपका (हिरिक) 'इ'. वर डावीकडे ठिपका किंवा वावच्या डोक्यावर ठिपका (होलाम) 'ओ'. वावच्या पोटात ठिपका (शुरुक) किंवा खाली तिरके तीन ठिपके (कुबुत्स) 'उ'.

शीनच्या डोक्यावरचा ठिपका स्वर नव्हे. उजवीकडे असेल तर 'श', डावीकडे असेल तर 'स'. 'मोशे'सारख्या शब्दात 'ओ'चा ठिपका आणि शीनचा ठिपका एकावर एक येऊन एकच दिसतो, तिथं गोंधळू नका.

दोन आठवडे रोज बाराखडी म्हणा. हो, बाराखडीच: बा, बे, बि, बो, बु, गा, गे, गि, गो, गु. शाळेत केलीत तशी, मोठ्यानं. घरचे हसतील.

## ४. जिथं नियम वाकतो त्या तीन जागा

शेवा. अक्षराखाली उभे दोन ठिपके. ढोबळमानानं हा आपला हलंत. शब्दाच्या सुरुवातीला मात्र हलका 'ए' ऐकू येतो. 'शेमा'मधल्या शीनखाली शेवाच आहे, म्हणून 'श्मा' नाही. 'मेलेख'च्या शेवटच्या काफमध्येही शेवा दिसतो, तिथं तो पूर्ण मुका. शब्दाच्या मधला शेवा कधी मुका, कधी बोलका. त्याचे नियम आहेत, पण पहिल्या वर्षी ते पाठ करत बसू नका, रेकॉर्डिंग ऐकून घ्या.

छोटा कामात्स. दिसतो 'आ'सारखा, वाचायचा 'ओ'. शेमाच्या पहिल्या परिच्छेदात 'बेखोल लेवावखा' येतं, "आपल्या सगळ्या अंतःकरणानं". नवशिका तिथं हटकून 'बेखाल' वाचतो. चांगल्या छपाईत ही खूण थोडी लांब पायाची असते. तुमच्या पुस्तकात तशी नसेल तर पेन्सिलीनं बारीक वर्तुळ करून ठेवा, शब्बाथ (शनिवारचा विश्रांतीचा दिवस) सोडून इतर दिवशी.

चोरटा पाताह. शब्दाच्या शेवटी हेतखाली, आणि कधी आयिन किंवा हेखाली, 'आ'ची रेघ असेल तर स्वर अक्षराच्या आधी वाचायचा. 'आलेनू'च्या प्रार्थनेतला दुसरा शब्द 'लेशाबेआह' आहे, 'लेशाबेहा' नाही.

तपासणी: या तिन्ही जागांचे पाच-पाच शब्द स्वतः सिद्दूरमधून शोधून वहीत लिहा. दुसऱ्यानं शोधून दिलेले चालणार नाहीत.

## ५. पाठ असलेली प्रार्थना वाचणं: सगळ्यात फसवी पायरी

खानापूरचे काका पडले तो खड्डा हा. जी प्रार्थना पाठ आहे ती डोळे वाचत नाहीत, जीभ पुढे पळते. पण तीच प्रार्थना सोडून अनोळखी मजकूर घेतला तर मोठ्या माणसाचा हुरूप जातो. म्हणून पाठ असलेलाच मजकूर घ्यायचा आणि जिभेला लगाम घालायचा.

लगाम म्हणजे जुनी लग्नपत्रिका. जाड कागदाला मध्ये एक शब्द मावेल एवढी खिडकी कापा. ओळीवर ठेवा, उजवीकडून डावीकडे एकेक शब्द सरकवा. मग तीच ओळ शेवटच्या शब्दापासून पहिल्यापर्यंत, उलटी. उलटी वाचताना जिभेला काही सुचत नाही, डोळ्यांना कामाला लागावंच लागतं. काकांना पहिली ओळ उलटी वाचायला ११ मिनिटं लागली. सहा शब्दांची ओळ. घाम पुसत म्हणाले, "आज पहिल्यांदा वाचलं बघा."

मजकुराचा क्रम: शेमाची पहिली ओळ, मग तिचा पहिला परिच्छेद, मग शुक्रवारचा किद्दुश, मग अश्रे. अमीदा, म्हणजे उभं राहून म्हणायची प्रार्थना, शेवटी, कारण लांब आहे.

अश्रे सरावाला फार चांगला. त्याचा गाभा म्हणजे बायबलमधलं स्तोत्र १४५, आणि त्यातली प्रत्येक ओळ पुढच्या पुढच्या अक्षरानं सुरू होते, आलेफपासून तावपर्यंत. डावीकडे न बघता फक्त ओळींची पहिली अक्षरं खाली खाली वाचत जा, कुठं चुकलात ते आपोआप कळेल. दोन गोष्टी आधीच सांगते, नाहीतर पुस्तक चुकलंय असं वाटेल. सिद्दूरमध्ये स्तोत्राआधी दोन ओळी जोडलेल्या आहेत आणि खुद्द स्तोत्राची सुरुवात 'तेहिल्ला लेदाविद' या मथळ्यानं होते, तेव्हा आलेफ त्याच्या पुढच्या शब्दात शोधा. आणि नूनची ओळ मुळातच नाही, म्हणून ओळी २२ नसून २१. एखादं अक्षर कच्चं राहिलं असेल तर स्तोत्र ११९ घ्या: प्रत्येक अक्षराच्या आठ-आठ ओळी, एकूण १७६. तुमच्या कच्च्या अक्षराच्या आठ ओळी आठवडाभर वाचा.

इशारा, आणि हा मोठा आहे: नुकतं वाचता यायला लागलेला माणूस उत्साहात योद, हे, वाव, हे ही चार अक्षरं जोडून वाचू बघतो. ते देवाचं नाव आहे आणि ते लिहिलंय तसं कधीही वाचत नाहीत. प्रार्थनेत तिथं 'आदोनाय' म्हणायचं. काही सिद्दूरमध्ये त्याऐवजी दोन योद छापलेले असतात, तिथंही तेच. सरावात आम्ही 'हाशेम' (ते नाव) म्हणतो, म्हणजे खिडकीतून दहा वेळा ओळ वाचली तरी नाव उगाच तोंडी येत नाही. वहीत सरावासाठी ती चार अक्षरं एकत्र लिहू नका. लिहिलीत तर वही रद्दीत टाकता येणार नाही.

तपासणी: दुसऱ्यानं पानावर कुठंही बोट ठेवावं, तुम्ही तीन सेकंदांत तो शब्द म्हणावा. दहापैकी आठ जमले की देवनागरीची वही कपाटात ठेवा. फाडू नका, आजोबांचं अक्षर आहे ते.

## ६. अर्थ: इथं कन्नड कामाला येते

वाचन बसल्याशिवाय व्याकरणाला हात लावू नका. बसल्यावर तीनच गोष्टी पुरतात.

आपण 'घरात' म्हणताना 'त' मागे लावतो. हिब्रू तो शब्दाच्या आधी चिकटवते. 'मध्ये'ला बे, 'ला'ला ले, 'पासून'ला मि, 'आणि'ला वे, 'तो ठरावीक' अशा अर्थी हा. सगळं एकेका अक्षराचं. शब्द ओळखीचा वाटत नसेल तर सुरुवातीचं एक अक्षर बोटानं झाका.

शब्द बहुधा तीन अक्षरांच्या धातूवर उभा असतो. कोफ, दालेत, शीन घ्या, अर्थ पवित्र: किद्दुश, कादोश, कद्दिश, केदुशा. चारही शब्द घरात वापरतो आणि ते भावंडं आहेत हे मला ४७व्या वर्षी कळलं.

तिसरी गोष्ट सीमाभागातल्या माणसाला फुकट मिळते. हिब्रूत वर्तमानकाळात 'आहे' नसतो. 'अनी तलमीद', म्हणजे मी विद्यार्थी. पुण्याचा मराठी माणूस तिथं अडखळतो, क्रियापद शोधत बसतो. आपण रोज ऐकतो, 'नानु विद्यार्थी'. तीच रचना. निपाणीच्या भाचीनं हे पकडल्यापासून ती हिब्रू वाक्याचं आधी कन्नड करते आणि मग मराठी.

अर्थासाठी मराठी बायबल शेजारी ठेवत असाल तर ओळींचे आकडे जुळतीलच असं धरू नका. हिब्रू स्तोत्रात मथळ्याला पुष्कळदा क्रमांक असतो, त्यामुळे पुढचं सगळं एकानं सरकतं. स्तोत्र ५१मध्ये दोनांनी. मलाखी हिब्रूत तीन अध्यायांचा, मराठीत चार. आमचा एक अख्खा रविवार चुकीच्या ओळीचा अर्थ लावण्यात गेला आणि अर्थ लागतही होता, हे विशेष.

## ७. गट चालवताना

सहापेक्षा जास्त माणसं नकोत. प्रत्येकाचा वाचायचा वेळ पाच मिनिटं, त्यात इतरांनी दुरुस्ती करायची नाही. चुकलेल्या शब्दाखाली आपल्या प्रतीत पेन्सिलीची टिंबं करायची आणि शेवटी सांगायची. मध्येच टोकलं की मोठं माणूस परत पाठांतराकडे पळतं.

शब्बाथला बसायचं असेल तर लिहिणं नाही, मोबाइल नाही, रेकॉर्डिंग नाही, फक्त वाचन. म्हणून लिहायचा वर्ग रविवारी.

इस्राएलमधल्या कुणाकडून ऑनलाइन शिकत असाल तर वेळ दोनदा विचारा. आपण त्यांच्यापुढे हिवाळ्यात साडेतीन तास आणि त्यांच्या उन्हाळी वेळेत अडीच. आपल्याकडे घड्याळ बदलत नाही, म्हणून वर्षातून दोन वेळा अर्धा गट तासभर आधी किंवा उशिरा येतो.

दहा पुरुषांचं मिन्यान जमत नसेल तर कद्दिश, बारेखू, केदुशा या सामूहिक प्रार्थना आणि गुंडाळीतून तोरावाचन होत नाही. ते शिकायचं नंतर ठेवा. एकट्यानं म्हणता येतं ते आधी: शेमा, अमीदा, किद्दुश, जेवणानंतरची बेराखा.

## ८. सिनेगॉगमध्ये पहिल्यांदा सिद्दूर घेऊन

सात-आठ महिन्यांनी पुण्याला जाल तेव्हा गाडीतच पानांच्या खुणा घालून ठेवा: अश्रे, शेमा, अमीदा, आलेनू. चार कागदी पट्ट्या पुरतात. अध्यायांचे आकडे अक्षरांत असू शकतात. आलेफ १, योद १०, कोफ १००. कोफ-मेम-हे म्हणजे १४५. पंधराला योद-हे आणि सोळाला योद-वाव लिहीत नाहीत, कारण ती देवाच्या नावातली अक्षरं होतात. तेत-वाव आणि तेत-झायिन लिहितात.

घरी उच्चारलेला प्रत्येक शब्द तिथं तिप्पट वेगानं जाईल. पहिल्या वेळी मी हज्जानच्या मागे धावले, दोन ओळींत दम लागला आणि उरलेला तास नुसती पानं उलटत बसले. आता नवीन माणसाला सांगते, धावायचं नाही. बोट ओळीवर ठेवायचं, ओठ बंद. प्रत्येक परिच्छेदाच्या शेवटी हज्जान आवाज चढवतो, ती जागा पकडायची. चुकलात तर पुढच्या 'आमेन'पर्यंत थांबायचं आणि शेजारच्याला हळूच विचारायचं, "काका, कुठलं पान?" कुणीही सांगतं. शेजारचा जास्त मायाळू निघाला तर तुमचा सिद्दूर ओढून घेऊन पान काढून देतो. तेव्हा छपाई वेगळी असेल तर त्याचा आकडा धरू नका, परिच्छेदाचा पहिला शब्द विचारा.

खानापूरचे काका गेल्या खेपेला पुण्यात माझ्या ओळखीच्या एका घरी उतरले होते. परत आल्यावर त्यांनी आपला सिद्दूर दाखवला. आलेनूच्या पानावर पेन्सिलीचं एक बारीक वर्तुळ होतं, 'लेशाबेआह'भोवती. सगळ्यांनी म्हटलं तसंच म्हटलं का, मी विचारलं. "नाही," काका म्हणाले, "माझ्या पुढचे दोघं 'लेशाबेहा' म्हणूलालते. मी काही बोललो नाही."